दोरावरचे जादा हात

मालवण,
शुक्रवार, २ ऑक्टोबर १९६४

प्रिय जमाल,

तुझ्या तिन्ही पत्रांना मी उत्तर दिले नाही, याची आधी क्षमा मागतो. आजारी नव्हतो. काम होते, पण ते नेहमीच असते. ही दोन्ही कारणे मी कधीची तयार करून ठेवली होती आणि आज कागद पुढे ओढल्यावर ती लिहवेनात. न लिहिण्याचे खरे कारण तू विचारलेला प्रश्नच होता. ते सांगायला मला हे सबंध पत्र लागेल असे दिसते, तेव्हा चहा घेऊन बस.

आज गांधीजयंतीची सुटी. सकाळी पंचायत समितीच्या ऑफिसात झाडलोट झाली, सूतकताई झाली, मग एका पाहुण्यांचे भाषण झाले. दरिद्रनारायण हा शब्द त्यांनी इतक्या वेळा घेतला की शेजारी बसलेला कारकून दर वेळी माझ्या पायाला पाय लावू लागला. शेवटी चिवडा. मी चिडून खोलीवर आलो आणि चिडलो नेमका कुणावर, याचा विचार करीत बसलो. पाहुण्यांवर चिडण्याचा मला अधिकार नाही. तेच भाषण मी गावोगाव करीत आलो आहे, फक्त चिवड्याशिवाय.

तू लिहितोस की पुढच्या महिन्यात कोलंबोला अविकसित देशांतल्या अर्थशास्त्र्यांची परिषद आहे आणि तिथे तू आपल्या गावाचे उदाहरण देणार आहेस. गरिबीतून वर आलेले किनाऱ्यावरचे एक गाव, मच्छीमारांची सहकारी सोसायटी, इंजिनाच्या नौका. तुला थोडी माहिती हवी आणि लाँचचा एक चांगला फोटो हवा. सहकार खात्याचा विस्तार अधिकारी, शिवाय त्याच गावचा मुलगा, म्हणून माझ्याइतका योग्य माणूस नाही, असेही तू म्हणतोस. तिसऱ्या पत्रात तू रागावला आहेस. रागाव. पण आधी ऐक.

चांगले ते आधी सांगतो, कारण ते खरे आहे आणि ते लपवले तर उरलेल्यावर तू विश्वास ठेवू नयेस. खालच्या वाडीत आता बहुतेक घरांवर कौले आहेत. आपण लहान असताना तिथे फक्त माडाची झापे होती. माझ्या धाकट्या भावाचा, लवूचा, मोठा मुलगा मालवणला हायस्कुलात जातो, पायांत चपला घालून जातो. श्रावणात नाचणीच्या पेजेवर दिवस काढणारी जी घरे तुला आठवत असतील, त्यांतल्या कितीतरी घरांत यंदा भात शिजला. अडलेल्या बाईला कट्टा गावच्या दवाखान्यात न्यायला एस.टी. मिळते. लाँच आली नसती तर यातले बरेच झाले नसते. सोसायटी मी काढली, तिचे पोटनियम मीच गावाला समजावून सांगितले आणि मला त्याचा अजूनही अभिमान वाटतो. हे वाक्य लिहून पुन्हा वाचले. वाटतो.

पहिली लाँच आली तो दिवस मी तुला तेव्हा कळवला होता की नाही, आठवत नाही. अठ्ठावन्न साल. शिवा तांडेल, म्हणजे आपल्या वेळचा तो तालमीतला शिवा, आता देवळाचा गावकर आहे आणि सोसायटीचा चेअरमनही. त्याने नारळ हातात घेऊन ग्रामदेवी सातेरीला गाऱ्हाणे घातले. "बा सातेरी माये, आज जां काय तुज्या लेकरांनी नवां तारू हाडलां आसा, तेका वाऱ्या-वादळातून राख." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." "इंजिनाचो आवाज मासळीच्या कानात जाव दी नको." "व्हय महाराजा." "आणि तेलात भेसळ करणाऱ्याची काय ती येवस्था तूच कर." त्या "व्हय महाराजा"ला सगळ्यांत मोठा आवाज लागला, आणि तेल पुरवणारा दुकानदारही त्यात होता. जिल्ह्याहून आलेले साहेब मला विचारू लागले की हे लोक इतक्या एकमुखाने कशाला संमती देत आहेत. मी अभिमानाने म्हटले, योजनेला. हे गाऱ्हाण्याचे लक्षात ठेव. पुढे त्याचे काम आहे.

आता तुझ्या लेखाकडे येतो. चार वर्षांपूर्वी तू मासिकात लिहिलेला तो लेख मी जपून ठेवला आहे. प्रच्छन्न बेकारी म्हणजे काय, हे तू त्यात आपल्या रापणीवरून समजावले होतेस. ज्या दोराला वीस माणसे पुरतात त्याला साठ माणसे लागलेली असतात, वरची सगळी काढून घेतली तरी मासळी तितकीच येईल, आणि हेच जादा हात दुसऱ्या उत्पादक कामाला लावणे म्हणजे विकास. मला तो परिच्छेद इतका आवडला की मी तो सभांतून सांगत असे. लोक हसत, मान डोलवत. त्यांना ते पटत असे, कारण रापणीवर कोण खरे ओढतो आणि कोण नुसता हात लावतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते.

कोलंबोच्या लोकांना रापण माहीत नसणार. त्यांना तू सांगशील तसे मी इथे मांडून बघतो, म्हणजे माझेच मला कळेल. होडी लांबलचक जाळे टाकीत समुद्रात अर्धा फेर घेते, जाळ्याची दोन टोके दोन दोरांनी किनाऱ्यावर येतात आणि माणसे ते दोर ओढत जाळे वाळूवर आणतात. हे जाळे कुणा एकाचे नसते. घरटी एक तुकडा, असे तुकडे शिवून ते केलेले असते. पावसाळ्यात तुकडे उसवून ज्याच्या त्याच्या माळ्यावर जातात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडले जातात. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे घालतात. तुकडेवाल्यांचा वाटा, होडीचा, देवाचा. आणि शेवटी हाताचा वाटा. ज्याने दोराला हात लावला त्याला तो मिळतो. नियम एवढाच की जाळ्याचा मधला घोळ वाळूला टेकायच्या आत हात लागलेला हवा. कुणाचा हात, किती जोराचा, हे विचारायचे नाही. आपल्या लहानपणी त्यावरून थट्टा चालायची, पण वाटा कुणी नाकारल्याचे मला आठवत नाही.

या जादा हातांतली पहिली म्हणजे गंगूकाकी. आमच्या शेजारची, तुला आठवेल, तपकीर ओढणारी. नवरा समुद्रावर गेला तो आला नाही, मूल नाही, दीर मुंबईला. ती दोराला हात लावते म्हणजे काय, तर घोळ दिसू लागला की पदर खोचून शांतपणे चालत येते आणि दोन बोटे दोरावर ठेवते. "काकी, दोराक तू लागलंस काय दोर तुका लागलो?" असे कुणीतरी म्हणायचेच. ती म्हणायची, "मेल्या, माज्या बोटांनीच मासळी येता. तुमी नुसते घामाघूम होतास." मग आपला वाटा पाटीत घेऊन, तो कसा लहान आहे हे सगळ्यांना ऐकवत घरी जायची. तिला मी गरीब बिचारी म्हणून तुझ्यापुढे उभी करीत नाही. ती भांडखोर आहे, आळशीही आहे. पण अशी सारी वर्षे ती कुणाच्या दारात उभी राहिली नाही.

लाँच आल्यावर तरणी माणसे लाँचवर गेली. एका लाँचच्या दोन झाल्या. तुझा सिद्धान्त अगदी बरोबर ठरला: हात निघाले, मासळी कमी झाली नाही, उलट वाढली. ती मासळी बर्फात घालून मुनीरच्या ट्रकने कणकवलीवरून घाट चढून जाते. तुझ्या भावाचा धंदा छान चालला आहे आणि तो सचोटीने करतो, हे तुला सांगायला नकोच. फक्त गावात बांगडा विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट आपल्या आयांना कुणी सांगितली असती तर त्या हसल्या असत्या. आणि किनाऱ्यावर राहिले कोण? तू ज्यांना जादा म्हटले होतेस तेच. म्हातारी माणसे, विधवा, एक-दोन अधू. रापण ओढायला आता तेवढेच हात, आणि ते पुरत नाहीत. गेल्या हंगामात ती मोजक्याच वेळा पडली. वाडीतल्या बाबलीने तर आपला तुकडा परसात वांग्यांभोवती लावला आहे, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. यंदा रापण शिवली जाणार की नाही हेच अजून ठरलेले नाही. न शिवली तर हाताचा वाटा संपला. गंगूकाकीला दुसरे काही नाही.

तू विचारशील, मग तुमच्या योजना काय करीत होत्या. मीही हेच विचारतो, आणि माझ्या जागी बसून विचारणे जास्त त्रासाचे आहे. काकीला मी शिवणवर्गात घातले. तिला सुईत दोरा दिसेना आणि तिने यंत्राच्या पायावर पाय ठेवून सबंध वर्ग झोप काढली. मग सुधारित कोंबड्यांची योजना आली. पांढऱ्याशुभ्र परदेशी जातीच्या कोंबड्या आणि त्यांच्यासोबत एक रुबाबदार कोंबडा, पैदास सुधारण्यासाठी. थोड्या दिवसांनी पाहणीला गेलो तर कोंबडा नाही. विचारले, तर म्हणाली, "देवचाराक दिलंय." वाडीची राखण करणाऱ्या देवचाराला! मी कपाळाला हात लावला. म्हटले, काकी, तो बळी द्यायचा नव्हता, त्याच्यापासून अख्ख्या वाडीच्या कोंबड्या सुधारायच्या होत्या. ती म्हणाली, "म्हणानच दिलंय. साधो कोंबो देवचार रोज खाता. सरकारी दिलो तर आयकात." काय ऐकावे, म्हणून विचारले. "रापणीक मासळी मेळू दी म्हणान सांगलंय. माज्यासाठी काय मागलंय नाय." मी ऑफिसात कळवले की कोंबडा रोगाने गेला. माझ्या नोकरीतले जाणूनबुजून केलेले ते पहिले खोटे, आणि ते देवचारासाठी.

यावर आपण दोघे हसू शकतो. पुढच्यावर मला हसता येत नाही, म्हणून ते मी इतके महिने लिहिले नाही.

लाँच धक्क्याला लागली की लवू काकीसाठी थोडी मासळी बाजूला काढायचा. माझा भाऊ बोलायला फटकळ आहे, पण शेजार विसरणारा नाही. काकी ती घ्यायची आणि लहान आहे म्हणून कुरकुरायची, म्हणजे सगळे ठीक होते. फेब्रुवारीत एक दिवस धोंडू खलाशी तिला म्हणाला, "काकी, फुकटचा खातंस. दोराक हात लावलंस खंय?" सवयीची जुनी थट्टा, त्याच्या मनात काही नव्हते.  दुसऱ्या दिवशी लाँच आली तेव्हा काकी गुडघाभर पाण्यात उतरून उभी होती. धोंडूने लाँच बांधायचा दोर फेकला, तो तिने धरला, खलाशांच्या बरोबरीने ओढला, निदान दोन बोटे लावली, आणि वर येऊन लिलावाच्या टोपल्यांशेजारी बसली. "दोराक हात लावलंय. माजो वाटो काढ." सगळा किनारा हसला. लवूही हसला आणि त्याने तिला मासळी दिली. ती म्हणाली, "ही कालची न्हय. ही वाट्याची. बरी मोठी दी."

मी तिथे होतो. मीही हसलो. मला ते हुशारीचे वाटले. पण आठवडाभरात लाँच बांधायच्या दोराला शेवंती लागली, लंगडा सोमा लागला, वरच्या वाडीच्या दोघी-तिघी आल्या. एका दोराला इतके हात की खलाशांना जागा मिळेना. एकदा लाँच आडवी होऊन खडपावर घासली. आणि सगळे टोपल्यांपाशी जाऊन बसत. कुणी भीक मागत नव्हते, जमाल. हात लावला होता आणि वाट्याची वाट बघत होते. आपल्या गावात वाटा असाच मिळतो. दुसरी रीत त्यांना कुणी शिकवलीच नाही. मी सभांतून पोटनियम शिकवले, पण ते सभासदांना.

मुनीरचा माणूस वैतागला, खलाशी वैतागले, लाँचचे सभासद माझ्याकडे आले. नियमाने त्यांचे बरोबर होते. सोसायटीचे उत्पन्न सभासदांचे. काकीला सभासद करून घ्या, असे मी सुचवले. शिवा म्हणाला, सभासद मासेमारी करणारा लागतो, बाई समुद्रावर जाते काय? ते कलम मीच त्यांना वाचून दाखवलेले. शेवटी मार्चच्या सभेत ठराव आला की सभासद आणि खलाशी यांच्याखेरीज कुणीही लाँचच्या दोराला हात लावू नये व लावल्यास वाटा मागू नये. मसुदा मी केला. भाषा सौम्य ठेवली. सौम्य भाषेने काय फरक पडतो, हे स्वतःला विचारले आणि तरी ठेवली.

सभा देवळाच्या मंडपात होती. बायका नेहमीप्रमाणे मागे खांबांपाशी उभ्या होत्या, त्यांत काकी. शिवाने ठराव वाचला. त्याला एकच आवाज येतो, गाऱ्हाण्याचा. तोच हेल, तीच थांबण्याची जागा. वाचून तो थांबला आणि म्हणाला, "तर ह्यां सगळ्यांका मंजूर आसा." आणि अख्खा मंडप म्हणाला, "व्हय महाराजा." पुढचे म्हणाले, मागचे म्हणाले. मी मान वर करून बघितले. गंगूकाकीही म्हणाली. हात जोडून, डोळे मिटून, सर्वांच्या आवाजात आवाज मिळवून. ठराव एकमताने मंजूर.

परतताना ती माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "जयरामा, आज काय ठरलां रे?" मी सांगितले. सगळे सांगितले, काही गुळगुळीत केले नाही.  "मगे मी व्हय म्हटलंय?" म्हटले, होय काकी, तूही म्हटलेस. तिने तपकिरीची डबी काढली, चिमूट नाकात घातली, शिंकली. म्हणाली, "गाऱ्हाण्याक व्हय म्हणूकच होया. नाय म्हटला तर देवीक काय वाटात?" आणि पुढे चालू लागली. त्यानंतर ती धक्क्यावर आली नाही. लवू मासळी पाठवतो, ती दार उघडत नाही. पावसाळा तिने कसा काढला ते मला नीट माहीत नाही. विचारले की म्हणते, "तुज्या सरकारी कोंबडीची अंडी खातंय." कोंबड्या केव्हाच विकल्या तिने.

लवूशी माझे भांडण झाले. भांडण म्हणण्यापेक्षा, मी बोललो आणि त्याने मला गप्प केले. मी म्हटले, गावाने रापण टिकवली पाहिजे, निदान या म्हाताऱ्या माणसांपुरती. तो म्हणाला, "दादा, सभेत तूच सांगलंस, जुन्याक धरून बसलात तर पोरां उपाशी रवतली. आता आमी नवां धरलांव तर तूच तोंड वाकडां करतंस? तुका पगार मेळता. माका समुद्र." सुशीला, त्याची बायको, भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "भावोजींका रापणीची माया येता, पण दोराक हात लावक ते कदी इले?"  नवे नायलॉनचे जाळे घेण्यासाठी लवूला हातभार हवा आहे. घरातला रापणीचा जुना तुकडा त्याला देवगडच्या एका माणसाला विकायचा आहे, जामसंड्याला त्याची आंब्याची बाग आहे, झाडांवर टाकायला हवा म्हणतो. तुकडा आम्हा दोघा भावांचा. लवू माझ्या होकारासाठी थांबला आहे. गणपतीपासून तो विचारतो आहे आणि मी "बघू" म्हणतो आहे. बघू हा शब्द मी ऑफिसात शिकलो.

मी लवूला चूक ठरवू शकत नाही. तुझा लेखही चुकीचा नव्हता. रापण वाचली म्हणून गरिबी हटणार नाही, हे मला कळते; गंगूकाकी मेली की तिच्या जागी दोराला लावायला दोन बोटे तरी येतील की नाही, कोण जाणे. लाँच नको असे मी कधीच म्हणणार नाही. मला राग येतो तो एवढ्याचा की आपण वाढ कशी होते हे मन लावून शिकलो, आणि वाटा कसा पडतो हे डोळ्यांसमोर असून शिकलो नाही. ते जादा हात दुसरीकडे उत्पादक कामाला लागतील, असे तू लिहिलेस. कुठे, जमाल? सहा वर्षे मी जागा शोधतो आहे. शिवणयंत्र आणि कोंबडा, यापलीकडे मला सापडली नाही. ते हात मासळीत भर घालत नव्हते, मान्य. त्यांच्याने दोर हलतही नव्हता. त्यांच्यावर चूल पेटत होती, आणि कुणाचे उपकार न होता पेटत होती. कोलंबोला हे सांगशील का? लाँचचा फोटो मी पाठवीन. त्याच्या शेजारी हेही सांग, नाहीतर आपल्या गावाचे नाव घेऊ नकोस.

पण हे पत्र परिषदेसाठी नाही. इथवर येईपर्यंत मी ते लांबवत होतो. परवा शिवा भेटला. म्हाताऱ्या माणसांसाठी तोही आतून हळहळतो, फक्त त्याला ते गाऱ्हाण्याच्या आवाजात बोलता येत नाही. म्हणाला, "बाजूचे तुकडे कमी इले तरी रापण आखूड करून शिवतंव. लाँच बंद आसात त्या दिशी हातय मेळतले. पण मधल्या घोळाचे दोन तुकडे होयेत. ते बारीक विणीचे दुसऱ्या कोणाकडे नाय." त्या दोन तुकड्यांपैकी एक आमचा आहे. माझी आई यमुनाबाई त्या तुकड्याचा वाटा घ्यायची आणि वर दोराला हातही लावायची, मी कोल्हापूरला कॉलेजात असतानाही. तू मोजलेल्या साठांत ती होती, मला ते सभांतून सांगताना कधी सुचले नाही. दुसरा तुकडा तुमचा. तुझे वडील जहाजावर गेल्यावर तुझ्या आईने, जोहराचाचींनी, ओसरीवर बसून एका पावसाळ्यात स्वतः विणलेला. पडद्यामुळे त्या किनाऱ्यावर येत नसत, पण त्यांचा वाटा आई पाटीत घालून तुमच्या दारात पोचवायची, आणि आपण दोघे ती पाटी धरायला भांडायचो. मुनीर म्हणतो तो तुकडा आता ट्रकमधल्या टोपल्यांवर बांधायला घेईन, जमालची हरकत नसेल तर. त्याने तुला विचारायला लिहिले असेल, किंवा लिहील. तू हरकत घे. एवढेच मागायला मी आज बसलो होतो. दसरा पंधरा तारखेला आहे, रापण सोळाला शिवतील. मुनीरला एक तार केलीस तरी पुरे, तुझा शब्द तो मोडणार नाही. मी आधी तुझ्याकडे मागतो आहे आणि स्वतःच्या भावाला अजून बघू म्हणतो आहे, हे पत्र वाचताना तुझ्या लक्षात आलेच असेल. माझ्या आत्ता आले. आमचा तुकडा लवूच्या खोलीवरच्या माळ्यावर आहे. तो काढायचा तर त्याच्या समोरून काढावा लागेल, आणि सुशीला भाकरी थापत असेल. डायरीत मी रोज शेवटी दुसऱ्या दिवसाचे एकच काम लिहितो. आज ते इथेच लिहितो, म्हणजे तुझ्यादेखत राहील.

तुझाच,
जयराम

उद्या : माळ्यावरून आमचा तुकडा खाली काढून अंगणात उन्हात घालणे.